आगाऊ मतदानाची सोय द्या, पण ती कागदावर द्या

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गेले काही दिवस ईव्हीएम की बॅलेट पेपर यावर वाचकांची पत्रं येतायत, मी सगळी वाचली, आणि दर वेळी वाटतं की दोन्हीकडची माणसं एकमेकांना खोटं ठरवण्यात एवढी गुंतलीत की मतदाराची सोय कशात आहे हे कोणी बोलतच नाही. मी निवृत्त शिक्षक आहे, इलेक्शन ड्युटी पेटीच्या काळातही केली आणि मशीन आल्यावरही केली, केंद्राध्यक्ष म्हणून बसलो, मतमोजणीच्या टेबलावरही बसलो. त्यामुळे जे हाताखालून गेलंय त्यावरच लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा पण छापा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या सोलापूरसारख्या ठिकाणी मतदानाच्या दिवसाआधी चार-पाच दिवस मत देण्याची सोय पाहिजे, आणि ती मशीनवर नको, कागदावर पाहिजे.

सोय कशाला पाहिजे ते आधी सांगतो. आपल्याकडं ज्या घरातली पोरं शिकली त्या घरातलं कोणीतरी पुण्यात आहेच, हिंजवडीला आहे, चाकणला आहे, नाहीतर हडपसरला कॉट बेसिसवर राहून परीक्षेचा अभ्यास करतंय, नाव मात्र अजून इथल्याच यादीत. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं, मंगळवार. २० नोव्हेंबरला विधानसभेचं, बुधवार. म्हणजे मत द्यायचं तर आदल्या दिवशी निघा, हुतात्मा एक्स्प्रेसचं रिझर्वेशन मिळालं तर ठीक नाहीतर एसटीत उभं राहून या, मत द्या आणि रात्रीच्या गाडीनं परत जा, कारण दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचंय. सुट्टी एका दिवसाची आणि प्रवासच दोन दिवसांचा. लोक नाव ठेवतात, तरुण मत देत नाहीत म्हणून, पण जो येऊच शकत नाही त्याला आळशी कसं म्हणायचं?

आणि फक्त पुण्याचं नाही. विड्या वळणाऱ्या बायकांचं बघा. कायद्यानं मतदानाला पगारी सुट्टी आहे, पण ज्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते तिला पगारी सुट्टी कुठली, ती रांगेत जेवढा वेळ उभी राहिली तेवढ्या विड्या कमी. यंत्रमागावरच्या कामगाराचंही तेच. मे महिन्यातलं आपलं ऊन सगळ्यांना माहितीय, अकरानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, मग सकाळी रांग आणि संध्याकाळी रांग, मधे बूथ रिकामं. महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला ठेवलं, ऐन सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, किंक्रांतीच्या दिवशी! ज्यांची वर्षाची कमाई यात्रेतल्या स्टॉलवर असते त्यांनी त्या दिवशी गल्ला सोडून जायचं? चार-पाच दिवसांची मुदत असली तर ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो जाईल.

आता कोणी म्हणेल हे आगाऊ मतदान म्हणजे परदेशातली फॅशन आहे, आपल्याकडं नाही चालणार. अहो चालतंय की, वर्षानुवर्षं चालतंय! आम्ही ड्युटीवाले काय करत होतो? ट्रेनिंगच्या ठिकाणीच सुविधा केंद्र असतं, तिथं मतपत्रिका हातात मिळते, आडोशाला जाऊन खूण करायची, मतपत्रिका छोट्या पाकिटात घालून चिकटवायची, सोबत १३ए चं घोषणापत्र भरून त्यावर अधिकाऱ्याची सही घ्यायची, दोन्ही मोठ्या पाकिटात आणि ते पाकीट पेटीत. हे सगळं मतदानाच्या आधी. ज्यांना अशी टपाली मतपत्रिका दिलीय त्यांच्या नावासमोर यादीत 'पीबी' अशी खूण असते म्हणजे तोच माणूस परत बूथवर येऊन दुसऱ्यांदा मत देऊ शकत नाही. सैनिकांना तर २०१६ पासून मतपत्रिका ऑनलाइन जाते, ते प्रिंट काढतात, खूण करतात आणि पोस्टानं पाठवतात. आणि २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांच्या घरी टीम गेली, दोन अधिकारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा, उमेदवाराचा माणूस यायचा असेल तर त्याला आधी वेळ कळवलेली, आणि घरात खुर्चीवर बसल्या जागी त्यांनी मत दिलं. कशावर? कागदावर. म्हणजे भारतात आगाऊ मतदान आहे आणि ते आजही कागदावरच आहे, फक्त ते मोजक्या लोकांना आहे. माझी मागणी एवढीच की ते वाढवा.

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर अमेरिकेत बहुतेक राज्यांत मतदानाच्या दिवसाआधी केंद्रावर जाऊन मत देता येतं, २०२० साली करोनात तिकडं १० कोटींच्या आसपास लोकांनी मतदानाच्या दिवसाआधीच मत दिलं, कोणी पोस्टानं, कोणी प्रत्यक्ष जाऊन. ऑस्ट्रेलियात आजही कागद-पेन्सिलवर मत देतात आणि तिथंही आधी मत द्यायची केंद्रं असतात. त्या देशांतही भांडणं झाली, आरोप झाले, पण भांडण मिटवायला त्यांच्या हातात एक वस्तू होती. जॉर्जिया राज्यात २०२० ला मशीननं मोजलेल्या सुमारे ५० लाख मतपत्रिका परत हातानं मोजल्या, काही दिवस लागले, आणि विजेता तोच निघाला. हरलेल्या बाजूला पटलं का ते वेगळं, पण बघायला कागद होता.

आता मशीन विरुद्ध कागद. मी कोणत्याच बाजूचा भक्त नाही आणि मला दोघांचेही दोष माहितीयत.

पेटीचे दिवस सोपे नव्हते हो. मतपत्रिकेच्या मागं सही करून करून हात भरून यायचा, बाणफुलीचा शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला की मत कुणाचं यावर मोजणीच्या टेबलावर अर्धा अर्धा तास वाद, घडी चुकीची घातली की शाई पलीकडं उमटायची, म्हातारी माणसं शिक्क्याऐवजी अंगठा उमटवून यायची आणि ते मत बाद. बाद मतांचा गठ्ठा बघून वाईट वाटायचं, माणूस उन्हात उभा राहून आला आणि त्याचं मत मोजलंच गेलं नाही. मशीननं हे जवळजवळ संपवलं, हे मान्य करायलाच पाहिजे. बूथ ताब्यात घेऊन धडाधड शिक्के मारायचे प्रकार देशात काही भागांत व्हायचे, मशीनवर मिनिटाला चारच्या वर मतं पडत नाहीत आणि गडबड दिसली तर केंद्राध्यक्ष क्लोज बटण दाबून मतदानच थांबवू शकतो. सकाळी मतदानाच्या दीड तास आधी उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल म्हणजे चाचणी मतदान, किमान ५० मतं टाकून दाखवायची, मग क्लिअर करून शून्य दाखवायचं, मग सील, त्यावर एजंटांच्या सह्या. संध्याकाळी १७सी फॉर्मवर एकूण किती मतं पडली ते लिहून प्रत्येक एजंटाला प्रत. ही पद्धत ढिली नाही, मी स्वतः राबवलीय, आणि जे लोक सरसकट म्हणतात की मशीन मोबाईलवरून हॅक होतं त्यांनी एकदा पोलिंग एजंट म्हणून दिवसभर बसावं.

पण कागदाची जी ताकद आहे ती मशीनमध्ये नाही. चंदीगडच्या महापौर निवडणुकीचं आठवा, ३० जानेवारी २०२४. कागदावरची निवडणूक, आणि ज्याच्याकडं प्रक्रिया सांभाळायचं काम होतं त्यानंच आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या. कागदावर फसवणूक होते याचा हा पुरावाच आहे असं काही जण म्हणतील, होते, नक्की होते. पण पुढं काय झालं? त्या मतपत्रिका सुप्रीम कोर्टात मागवल्या, न्यायाधीशांनी त्या स्वतः बघितल्या, मत कुणाला दिलंय ते स्वच्छ दिसत होतं, आणि २० फेब्रुवारीला निकाल फिरवला. तीन आठवड्यांत! कागद शिल्लक होता म्हणून चोरी पकडली आणि दुरुस्तही झाली. फसवणूक होणार नाही अशी पद्धत कुठंच नाही, प्रश्न असतो की झाल्यावर सामान्य माणसाला ती दिसते का. जर्मनीच्या घटनात्मक कोर्टानं ३ मार्च २००९ ला जे सांगितलं त्याचा अर्थ हाच, की मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे नागरिकाला कसलंही खास तांत्रिक ज्ञान नसताना तपासता आले पाहिजेत, आणि त्या निकालानंतर तिथली मतदान यंत्रं बंद झाली.

आपल्याकडं मशीनला कागद जोडला, व्हीव्हीपॅट, पहिल्यांदा २०१३ साली नागालँडमधल्या नोक्सेनला, आणि २०१९ पासून लोकसभेला सगळीकडं. काचेतून ७ सेकंद चिठ्ठी दिसते आणि पडते. चांगली गोष्ट. पण विधानसभेच्या एका मतदारसंघात तीनशेच्या आसपास बूथ असले तर त्यातल्या फक्त पाच बूथच्या चिठ्ठ्या मोजतात, तेही सोडत काढून निवडलेले. बाकीच्या चिठ्ठ्या तशाच बंद. २०२४ च्या विधानसभेला राज्यात २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच म्हणजे १४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि सगळ्या जुळल्या असं निवडणूक यंत्रणेनं जाहीर केलं, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो, मोजणाऱ्यांत माझ्यासारखेच मास्तर, तलाठी, ग्रामसेवक होते. पण मग जुळतातच तर जास्त मोजायला भीती कशाची? जो गावकरी म्हणतोय की माझ्या बूथच्या मोजा, त्याला एवढं तरी द्या.

आणि चिठ्ठी चुकीची दिसली अशी तक्रार मतदारानं केली तर काय होतं हे किती जणांना माहितीय? ४९एमए नियम. लेखी लिहून द्यायचं, आधी सांगतात की खोटं निघालं तर गुन्हा आहे, मग एजंटांसमोर परत एक चाचणी मत टाकायचं, त्या वेळी चिठ्ठी बरोबर आली की तक्रारदारच अडकला. कोण शहाणा माणूस बूथवर उभा राहून हे करेल? केंद्राध्यक्ष म्हणून मी हा नियम वाचून दाखवायचो तेव्हा मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

त्यात महापालिकेला तर व्हीव्हीपॅटही नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये आपण बहुतेक प्रभागांत चार-चार मतं दिली, पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी मतपत्रिका मशीनवर लावलेली, चार बटणं दाबली, बीप वाजला, आणि घरी आलो. एकही चिठ्ठी दिसली नाही. बहुसदस्यीय प्रभागाला तशी यंत्रणा नाही असं राज्य निवडणूक आयोगाचं म्हणणं. मग निदान ती यंत्रणा येईपर्यंत तरी कागद वापरा. शेजारच्या कर्नाटकात मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये स्थानिक निवडणुका बॅलेट पेपरवर घ्याव्यात अशी शिफारस केली, आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की तिकडं हा विषय सरकारच्या टेबलावर आहे आणि इकडं आपण अजून एकमेकांना देशद्रोही म्हणतोय.

मारकडवाडीबद्दल न लिहिता हे पत्र पुरं होणार नाही. आपल्याच जिल्ह्यातलं, माळशिरस तालुक्यातलं गाव. विधानसभेच्या निकालानंतर गावाला वाटलं की आपल्या बूथवरचे आकडे आपण दिलेल्या मतांशी जुळत नाहीत, म्हणून ३ डिसेंबर २०२४ ला स्वखर्चानं मतपत्रिका छापून परत मतदान घेऊन बघायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही, गुन्हे मात्र दाखल झाले. आता नियमानं बघितलं तर गावाला असं मतदान घ्यायचा अधिकार नाही, अधिकाऱ्यांची बाजू मला समजते, आणि दोन आठवड्यांनी एवढा गाजावाजा झाल्यावर घेतलेल्या मतदानातून पहिलं मतदान खरं की खोटं हे सिद्धही झालं नसतं. पण गावानं मागितलं काय होतं हे बघा, सत्ता नाही, पैसा नाही, फक्त आपल्या मतांची परत एकदा खात्री. त्या गावच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या तेव्हा सीलबंद शिल्लक होत्या. त्या गावासमोर मोजल्या असत्या तर एका दुपारचं काम होतं आणि विषय तिथंच एका बाजूला लागला असता. तशी तरतूद नाही म्हणून एक अख्खं गाव संशयात राहिलं, हे मला अजून सलतं.

यातली एक गोष्ट कोणी बोलत नाही. गावाला आपल्या बूथचे आकडे कळले कसे? मशीनमुळे. पेटीच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या बूथच्या मतपत्रिका एकत्र मिसळायचे, त्यामुळे कुठल्या गावानं कुणाला दिलं हे उमेदवाराला कळत नव्हतं आणि नंतर त्या गावाचा रस्ता, पाणी अडवायची सोय नव्हती. मशीनवर बूथप्रमाणे सगळं बाहेर येतं. टोटलायझर लावून अनेक बूथची मतं एकत्र मोजावीत अशी शिफारस विधी आयोगानं २०१५ मध्येच केली होती, अजून काही झालेलं नाही. ज्यांना विरोधात मत दिल्याची किंमत मोजावी लागते अशा छोट्या वस्त्यांसाठी हा फार मोठा मुद्दा आहे.

परत आगाऊ मतदानावर येतो. त्यावरची मोठी हरकत म्हणजे आधी दिलेली मतं इतके दिवस सांभाळणार कोण. रास्त आहे. पण लोकसभेला ७ मे ला मतदान झालं आणि निकाल ४ जूनला, चार आठवडे आपली मशीनं रामवाडीच्या गोदामात पहाऱ्यात होती. आणि २०२५ मध्ये नगरपालिकांना २ डिसेंबरला मतदान झालं आणि कोर्टाच्या आदेशानं मोजणी थेट २१ डिसेंबरला, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटची मशीनं तेवढे दिवस सीलबंदच राहिली. म्हणजे सांभाळायची यंत्रणा आहे. फक्त अशा वेळी लोकांच्या मनात जी पाल चुकचुकते ती पेटीत कागद असला की कमी चुकचुकते, कारण किती मतपत्रिका दिल्या, किती स्थळप्रती (मतपत्रिका फाडून दिल्यावर मागं राहतो तो भाग) उरल्या, पेटीत किती निघाल्या याचा ताळा कोणताही एजंट पेन घेऊन घालू शकतो.

दुसरी हरकत दबावाची. मुकादम, मालक, घरातला कर्ता पुरुष बाईचं मत स्वतःच भरेल. हे खरं आहे आणि म्हणूनच मी सगळ्यांना घरी पोस्टानं मतपत्रिका पाठवा असं म्हणत नाही. तहसील कार्यालयात किंवा एखाद्या शाळेत केंद्र करा, आडोसा असू द्या, एजंट असू द्या, कॅमेरा असू द्या, माणूस एकटा आत जाईल आणि पेटीत टाकून बाहेर येईल.

आणि पुण्यात राहणाऱ्यांसाठी? केंद्रीय निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये रिमोट मशीन जाहीर केलं होतं, एका मशीनवर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं, जानेवारी २०२३ मध्ये सगळ्या पक्षांना बोलावून दाखवायचं ठरलं, विरोधी पक्षांनी हरकत घेतली आणि ते तिथंच राहिलं. पण त्याला नवीन मशीन लागतंच कशाला? पुण्यात एका केंद्रावर शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, मोहोळ, सांगोला, करमाळा अशा प्रत्येक मतदारसंघाची मतपत्रिका तिथल्या तिथं प्रिंट होऊ शकते, सैनिकांना पाठवतात तशी, मतदार खूण करेल, दोन पाकिटांत घालेल, आणि मोजणीच्या दिवशी सकाळी आठला टपाली मतांसोबत ती मोजली जाईल. आधी अर्ज केलेल्यालाच द्या, यादीत पीबीची खूण करा. काही मतं बाद होतील, घोषणापत्रावर सही राहिली म्हणून शिकलेल्या मास्तरांची मतंसुद्धा बाद होतात, त्यासाठी केंद्रावरच एक माणूस कागद तपासायला बसवा.

मोजणीला वेळ लागेल, हो लागेल. सुप्रीम कोर्टानं २६ एप्रिल २०२४ ला बॅलेट पेपरवर परत जायची मागणी फेटाळली, सगळ्या चिठ्ठ्या मोजायचीही फेटाळली, तो निकाल मी मानतो. पण त्याच निकालात कोर्टानं आयोगाला सुचवलंय की चिठ्ठ्या मोजायला मशीन वापरता येईल का, चिन्हासोबत बारकोड देता येईल का ते तपासा. मोजायला मशीन जरूर वापरा, माझी ना नाही. निकाल दुपारी बाराऐवजी रात्री बाराला लागला तर काय बिघडतं, लोकसभेला आपण चार आठवडे थांबलो होतोच की.

आपल्या जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, माझी विनंती आहे की मशीन चांगलं की वाईट यावर भाषणं झाली असतील तर आता कायद्यात टपाली मतदानाचा हक्क कुणाकुणाला आहे ती यादी वाढवायचं बघा, परगावी नोकरी-शिक्षणाला असलेले आणि रोजंदारीवर जगणारे लोक त्यात घाला, आणि ज्या बूथवर शंका आहे तिथल्या चिठ्ठ्या मोजायची तरतूद आणा.

आणि वाचकांना एक सांगणं. घरात ८५ च्या वरचं कोणी असेल तर पुढच्या लोकसभा-विधानसभेला अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत १२डी फॉर्म द्यावा लागतो, तो बीएलओकडं (आपल्या बूथची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी) मिळतो, मुदत गेली की मग घरून मत देता येत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
जुळे सोलापूर